पहिल्या दिवसाचं प्लॅटिनम आणि दहाव्या वर्षाचं



ज्या सरांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी होतं, त्यांनी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं. त्यामुळे आज मी रसायनशास्त्रावरच बोलणार आहे, आणि विषय फार पातळ करणार नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची हयात एमआयडीसीतल्या कारखान्यांत गेली आहे. उत्प्रेरक म्हणजे काय हे त्यांना मी सांगायला नको. माझा प्रश्न एवढाच आहे, की फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमचा जो उत्प्रेरक असतो तो टिकतो किती, आणि तो जास्त टिकावा म्हणून त्याची घडण कशी करायची.

या विषयावर इथे, कोपरमध्ये, बोलायला एक चांगलं कारण आहे. इथून अंबरनाथची गाडी धरली, की डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण, विठ्ठलवाडी, उल्हासनगर आणि मग अंबरनाथ. तिथे शीळ-बदलापूर रस्त्यावर डीआरडीओची नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आहे, एनएमआरएल. भारतीय पाणबुड्यांसाठी फ्युएल सेलवर चालणारी जी यंत्रणा देशात तयार झाली, ती या प्रयोगशाळेची. आपल्यापैकी किती जण रोज त्या रस्त्यानं ये-जा करतात! पण तिथे आत काय काम चालतं, याची चर्चा आपल्या भागात होत नाही. ती व्हावी असं मला मनापासून वाटतं.

डिझेलवर चालणारी पाणबुडी पाण्याखाली असताना बॅटरीवर चालते. बॅटरी संपत आली की तिला वर यावं लागतं आणि हवा घ्यायची नळी पाण्याबाहेर काढून डिझेल इंजिनं चालवावी लागतात. शत्रूला ती सापडण्याचा सगळ्यात मोठा धोका त्याच वेळी असतो. बाहेरची हवा न घेता वीज करता आली, तर पाणबुडी कितीतरी जास्त काळ खाली राहू शकते. अशी वीज करणाऱ्या यंत्रणेला एआयपी म्हणतात. वेगवेगळ्या देशांनी त्यासाठी वेगवेगळे मार्ग काढले. अंबरनाथनं निवडला तो फॉस्फोरिक आम्लाचा फ्युएल सेल. ऑक्सिजन द्रवरूपात बरोबर न्यायचा आणि हायड्रोजन पाणबुडीतच, लागेल तसा तयार करायचा, म्हणजे हायड्रोजनच्या मोठ्या टाक्या घेऊन फिरायला नको. लार्सन अँड टुब्रो आणि थरमॅक्स या कंपन्यांना बरोबर घेऊन उभ्या केलेल्या या यंत्रणेचा जमिनीवरचा नमुना ८ मार्च २०२१ रोजी कसोटीला उतरला. जानेवारी २०२३ मध्ये ती कलवरी वर्गाच्या पाणबुड्यांत बसवण्यासाठी फ्रान्सच्या नेव्हल ग्रुपबरोबर करार झाला. ३० डिसेंबर २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयानं माझगाव डॉकबरोबर सुमारे १,९९० कोटी रुपयांचा करार केला. यंत्रणेचा पाणबुडीत बसणारा अख्खा भाग बांधायचा आणि तो पाणबुडीत जोडायचा, असं ते काम आहे.

आता आकड्यांच्या आणि करारांच्या आत शिरू. फ्युएल सेलमध्ये दोन इलेक्ट्रोड असतात आणि दोन्हींवर उत्प्रेरक असतो. एका बाजूला हायड्रोजन येतो आणि त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. प्रोटॉन मधल्या आम्लातून किंवा पडद्यातून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून जातात, आणि तीच आपली वीज. पलीकडे ऑक्सिजनचा एक रेणू चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन घेतो आणि पाण्याचे दोन रेणू होतात. विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास पहिल्यांदा हा प्रयोग केला तो प्लॅटिनमच्याच पट्ट्या वापरून. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षं झाली, तरी आम्लातल्या फ्युएल सेलसाठी प्लॅटिनमला खरा पर्याय मिळालेला नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, श्रीकुमार कुरुंगोट यांच्यासारखे शास्त्रज्ञ ऑक्सिजनच्या या अभिक्रियेवर अनेक वर्षं काम करत आहेत. जगभरात लोह, नायट्रोजन आणि कार्बन यांच्यापासून बिनप्लॅटिनमचे उत्प्रेरकही झाले आहेत. त्यांची सुरुवात चांगली होते. घसरण मात्र फार लवकर लागते. पहिल्या दिवसाच्या आणि दहाव्या वर्षाच्या आकड्यांतला फरक इथेच पहिल्यांदा समोर येतो.

हायड्रोजनची बाजू सोपी आहे. तिथे थोडं प्लॅटिनम पुरतं. सगळी अडचण ऑक्सिजनच्या बाजूला. ऑक्सिजनच्या दोन अणूंमधला बंध घट्ट असतो, तो तोडायचा, चार इलेक्ट्रॉन एकामागून एक द्यायचे आणि मधल्या टप्प्यांत हायड्रोजन पेरॉक्साइड सुटू द्यायचं नाही. सिद्धांतानुसार एका सेलचं व्होल्टेज १.२३ पर्यंत जायला हवं. प्रत्यक्ष भार दिला की ते ०.६५ च्या आसपास येतं. या घसरणीचा सगळ्यात मोठा हिस्सा, तीन-चार दशांश व्होल्ट, एकट्या ऑक्सिजनच्या अभिक्रियेपायी जातो, आणि तोही जगातला सर्वांत चांगला धातू वापरून. म्हणून सेलमधलं बहुतेक प्लॅटिनम याच बाजूला घालावं लागतं.

प्लॅटिनम महाग, म्हणून ते पसरवायचं. इलेक्ट्रोडमध्ये त्याचा पत्रा नसतो. काजळीसारख्या कार्बनच्या भुकटीवर त्याचे दोन ते पाच नॅनोमीटर व्यासाचे कण बसवलेले असतात. तीन नॅनोमीटरच्या एका कणात साधारण साडेनऊशे अणू मावतात आणि त्यातले तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडे जास्त पृष्ठभागावर असतात. काम करतात ते हेच. अशा कणांच्या रूपात एक ग्रॅम प्लॅटिनम घेतलं तर त्याचा एकूण पृष्ठभाग ९० चौरस मीटरच्या वर जातो, आपल्या घरांच्या मापात सांगायचं तर हजार चौरस फूट. शंभर किलोवॉटच्या मोटारीला अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं ठरवलेल्या उद्दिष्टाप्रमाणे, म्हणजे किलोवॉटमागे ०.१२५ ग्रॅम या हिशेबानं, साडेबारा ग्रॅम प्लॅटिनम लागेल; तोळ्याहून थोडं अधिक.

इथवर सगळं छान आहे. पण नॅनोमीटरच्या कणात साठवलेली ही श्रीमंती अस्थिर असते. कण जितका लहान, तितका त्याच्या पृष्ठभागावरचा अणू कमी बंधांनी धरलेला, आणि तितका तो सुटायला सोपा. फ्रीजरमध्ये महिनाभर पडलेलं आइस्क्रीम खरखरीत लागतं, कारण बर्फाचे बारीक स्फटिक विरतात आणि त्यांचं पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसतं. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमध्ये नेमकं तेच घडतं. लहान कण विरघळतात, त्यांचे आयन थोडं अंतर जातात आणि मोठ्या कणांवर जाऊन बसतात. नव्या इलेक्ट्रोडचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर करड्या कार्बनवर काळे, एकसारखे ठिपके दिसतात, एकमेकांपासून नीट अंतर राखून. वापरलेल्या इलेक्ट्रोडमध्ये तेच ठिपके आकारानं वाढलेले, संख्येनं विरळ, काही ठिकाणी दोन-तीन एकमेकांना चिकटलेले दिसतात. प्लॅटिनमचं वजन बरंचसं तेवढंच असतं. पृष्ठभाग मात्र घटलेला असतो. पडद्याच्या सेलमध्ये, म्हणजे बस आणि मोटारीत वापरतात त्या प्रकारात, आणखी एक गोष्ट दिसते. पडद्याचा आडवा छेद घेतला की त्याच्या आत प्लॅटिनमची एक बारीक रेघ दिसते. इलेक्ट्रोडमधून सुटलेले आयन पडद्यात शिरतात, पलीकडून पाझरत आलेला हायड्रोजन त्यांना भेटतो आणि तिथेच ते पुन्हा धातू होऊन बसतात. त्या रेघेतलं प्लॅटिनम सेलला काही कामाचं नाही.

विरघळण्याचं कारण समजून घेतलं पाहिजे, कारण सगळी रचना त्यावर उभी आहे. व्होल्टेज ०.८ च्या वर गेलं की प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर ऑक्सिजनयुक्त थर बसायला लागतो. आणखी वर गेलं की ऑक्सिजनचे अणू धातूच्या आत शिरतात आणि प्लॅटिनमचे अणू आपल्या जागेवरून हलतात. व्होल्टेज पुन्हा खाली आलं, ऑक्साइड निघून गेलं, की जागा सोडलेले काही अणू परत जागेवर बसतच नाहीत. ते द्रवात निघून जातात. म्हणजे प्लॅटिनम नुसत्या जास्त व्होल्टेजनं फारसं झिजत नाही. वर-खाली, वर-खाली होत राहिलं की झिजतं.

आणि यात एक पेच आहे, जो मला या सगळ्या शास्त्राचा गाभा वाटतो. ऑक्सिजनची अभिक्रिया होण्यासाठी पृष्ठभागानं ऑक्सिजनला धरलं पाहिजे. फार सैल धरलं तर बंध तुटत नाही, फार घट्ट धरलं तर पाणी सुटत नाही. प्लॅटिनम ऑक्सिजनला गरजेपेक्षा किंचित घट्ट धरतं, हे डेन्मार्कच्या येन्स नॉर्स्कोव्ह यांच्या गटानं २००४ मध्ये गणितानं दाखवलं. ती पकड थोडी सैल केली की वेग वाढतो. पण प्लॅटिनमची ऑक्सिजनवरची ही पकडच ऑक्साइड घडवते, आणि ऑक्साइडच धातूला सोडवून नेतं. उत्प्रेरकाला कामाला लावणारा गुण आणि त्याला संपवणारा गुण एकाच पृष्ठभागात आहेत. म्हणून आधी वेगवान उत्प्रेरक करू आणि मग त्याचं आयुष्य वाढवू, असं दोन टप्प्यांत हे काम होत नाही. दोन्हींचा विचार एकत्रच करावा लागतो.

पकड सैल करायचा मार्ग फॉस्फोरिक आम्लाच्या सेलमधूनच पुढे आला. म्हणूनच मला अंबरनाथचा संदर्भ महत्त्वाचा वाटतो. १९८३ मध्ये विनोद जालान आणि टेलर यांनी दाखवलं, की गरम फॉस्फोरिक आम्लात प्लॅटिनममध्ये क्रोमियमसारखा दुसरा धातू मिसळला तर ऑक्सिजनची अभिक्रिया जलद होते, आणि त्याचा संबंध धातूतल्या अणूंच्या आपसातल्या अंतराशी आहे. लहान अणू आत आले की प्लॅटिनमचे अणू एकमेकांच्या जवळ येतात आणि ऑक्सिजनवरची त्यांची पकड ढिली होते. पुढे कोबाल्ट आणि निकेल आले. टोयोटानं २०१४ मध्ये बाजारात आणलेल्या मिराई मोटारीत प्लॅटिनम-कोबाल्टचाच उत्प्रेरक होता.

फॉस्फोरिक आम्लाच्या सेलचं आणखी एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. तो साधारण १५० ते २०० अंश सेल्सिअसला चालतो. त्यामुळे हायड्रोजनमध्ये थोडा कार्बन मोनॉक्साइड असला तरी त्याचं फारसं बिघडत नाही. पण तेवढ्या तापमानाला गरम आम्लात कार्बनसुद्धा जळतो, हळूहळू कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, आणि त्याच्यावर बसलेले प्लॅटिनमचे कण निराधार होतात. शिवाय फॉस्फेटचे आयन प्लॅटिनमला चिकटतात आणि ऑक्सिजनची जागा अडवतात. या सेलच्या बांधणीत सुरुवातीपासून एक शिस्त आली ती यामुळे. भार नसताना सेल उघड्या व्होल्टेजवर ठेवायचा नाही, ०.८ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही. बंद करताना ऑक्सिजन आधी काढून घ्यायचा. आम्ल थंड होऊन गोठू नये म्हणून बंद सेलही गरम ठेवायचा. अमेरिकेत इमारतींसाठी बसवलेल्या या प्रकारच्या सेलकडून ४०,००० तासांची अपेक्षा ठेवली गेली आणि ती पूर्ण करणारे सेल झाले. त्यात धातूच्या रचनेइतकाच वाटा सेल चालवण्याच्या पद्धतीचा होता. समुद्राखाली असलेल्या पाणबुडीत तर सेल उघडून उत्प्रेरक बदलता येत नाही. तिथे टिकाऊपणा ही चैन राहत नाही. पाणबुडीला एक सोय मात्र आहे. तिचा ऑक्सिजन टाकीतला, शुद्ध असतो. समुद्राच्या हवेतलं मीठ त्यात येत नाही, आणि भारही तसा संथ असतो.

रस्त्यावरच्या गाडीला ही सोय नाही. पुण्यात एनसीएल आणि केपीआयटी ही कंपनी यांनी मिळून देशी बनावटीच्या फ्युएल सेलची मोटार ऑक्टोबर २०२० मध्ये चालवून दाखवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बस. ही बस आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर आणा. काटई नाक्याला गाडी थांबते. सेलवर भार नसतो आणि व्होल्टेज ०.९ च्या आसपास चढतं. पुढची रिक्षा दहा फूट सरकते, ड्रायव्हर पाय दाबतो आणि व्होल्टेज खाली येतं. पुन्हा ब्रेक, पुन्हा वर. शीळफाट्यापर्यंत हेच. उत्प्रेरकाच्या दृष्टीनं याच्यापेक्षा वाईट रस्ता शोधून सापडणार नाही. त्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते. एमआयडीसीजवळच्या हवेत गंधकाची संयुगं असतील तर ती प्लॅटिनमला घट्ट चिकटतात. थोडी पुन्हा निघतात, सगळी निघत नाहीत. खाडीकडून येणाऱ्या हवेत क्लोराइड असेल तर प्लॅटिनम विरघळणं आणखी सोपं होतं. आणि रात्री गाडी बंद करून सकाळी सुरू करताना हायड्रोजनच्या बाजूला शिरलेली हवा आणि नवा हायड्रोजन एकाच वेळी आत असतात. त्या काही क्षणांत पलीकडच्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज दीडपर्यंत उसळू शकतं आणि कार्बन अक्षरशः जळतो.

मग उपाय काय? एकाएकी सगळं सुटेल असा उपाय नाही. पण गेल्या वीस वर्षांत जे शिकायला मिळालं त्यातून काही गोष्टी पक्क्या झाल्या आहेत.

पहिली म्हणजे कण फार लहान करायचे नाहीत. दोन नॅनोमीटरच्या कणाचा पहिल्या दिवसाचा पृष्ठभाग मोठा दिसतो, पण तो लवकर जातो. चार-पाच नॅनोमीटरपासून सुरुवात केली तर पहिला आकडा कमी येतो आणि उरणारा आकडा जास्त. ट्रक आणि बससाठी, जिथे मोटारीच्या आठ हजार तासांऐवजी पंचवीस-तीस हजार तासांचं आयुष्य मागितलं जातं, हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

दुसरी गोष्ट मिश्रधातूची. इथे मला थोडा वेळ थांबायचं आहे, कारण सगळ्यात जास्त गाजावाजा याच बाबतीत झाला. २००७ मध्ये अमेरिकेच्या आर्गॉन प्रयोगशाळेतल्या स्टॅमेनकोविच आणि मार्कोविच यांच्या गटानं प्लॅटिनमचे तीन अणू आणि निकेलचा एक अशा एकसंध स्फटिकाचा एक विशिष्ट पृष्ठभाग घेतला आणि तो शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठभागापेक्षा दहापट वेगवान असल्याचं दाखवलं. सबंध जग त्या आकड्यामागे लागलं. अष्टफलकी कण, पोकळ चौकटी, खडबडीत तारा. एकाहून एक सुंदर रचना झाल्या आणि प्रयोगशाळेत उत्प्रेरक झटपट तपासायची जी फिरती चकती असते, तिच्यावर त्यांनी अफाट आकडे दिले. खऱ्या सेलमध्ये घातल्यावर मात्र त्यातल्या बहुतेकांचा प्रभाव बराचसा ओसरला. कारण आम्लात निकेल आणि कोबाल्ट राहत नाहीत. ते निघून जातात. निघून गेलेलं निकेल पडद्यात शिरतं, प्रोटॉनची जागा अडवतं आणि सेलचा रोध वाढवतं. लोह असेल तर आणखी वाईट. ते पेरॉक्साइडपासून असे मुक्त मूलक तयार करतं, जे पडदाच कुरतडतात. म्हणजे उत्प्रेरकातून सुटलेला धातू शेजारच्या भागांचंही आयुष्य कमी करतो.

यावरचा सगळ्यात भरवशाचा मार्ग मला सुव्यवस्थित मिश्रधातूचा वाटतो. साध्या मिश्रधातूत प्लॅटिनम आणि कोबाल्टचे अणू कुठेही, कसेही बसलेले असतात. ते सहाशे-सातशे अंशांच्या वर तापवून ठेवले तर थरामागे थर अशी शिस्त येते. एक थर प्लॅटिनमचा, एक कोबाल्टचा. अशा रचनेत प्रत्येक कोबाल्टला आजूबाजूचं प्लॅटिनम घट्ट धरून ठेवतं आणि तो सहज बाहेर पडत नाही. वर प्लॅटिनमचे दोन-तीन शुद्ध थर ठेवले की आतला धातू झाकला जातो, पण त्याच्यामुळे आलेला ताण पृष्ठभागाला जाणवत राहतो आणि वेगही टिकतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या अब्रुन्या आणि डिसाल्वो यांच्या गटानं २०१३ मध्ये सुव्यवस्थित प्लॅटिनम-कोबाल्टचं काम प्रसिद्ध केलं आणि त्यानंतर या दिशेनं बरीच प्रगती झाली. अडचण तापवण्यातच आहे. सातशे अंशांना नॅनोकण एकमेकांना जुळून मोठे होतात. म्हणून त्यांच्यावर आधी सिलिकाचं किंवा दुसऱ्या कशाचं तरी आवरण चढवायचं, तापवायचं आणि मग आवरण काढायचं. हे ग्रॅमभर करणं जमतं. किलोभर, दर वेळी तसंच, करणं हे कारखान्याचं काम आहे, आणि तिथे डोंबिवली-अंबरनाथच्या रसायन उद्योगातल्या माणसांचा अनुभव खूप उपयोगी पडू शकतो. भट्टीत तापमान सगळीकडे सारखं कसं ठेवायचं, गाळणी आणि धुणं कसं करायचं, एका बॅचची दुसरीशी तुलना कशी करायची, हे ज्ञान शोधनिबंधांत मिळत नाही.

तिसरी गोष्ट प्लॅटिनमचे कण ज्यावर बसतात त्या आधाराची. साध्या काजळीऐवजी ग्राफाइटसारखा शिस्तबद्ध कार्बन वापरला तर तो सावकाश जळतो. पण तो इतका गुळगुळीत असतो की प्लॅटिनम त्याला नीट धरत नाही. कार्बनमध्ये नायट्रोजन घातला तर पकड वाढते. सच्छिद्र कार्बनच्या आतल्या पोकळीत कण बसवले तर ते एकमेकांपर्यंत पोचत नाहीत आणि आम्लासारखा पडद्याचा पदार्थही त्यांना थेट चिकटत नाही. टिन ऑक्साइड, टायटॅनियम ऑक्साइड अशा कार्बनविरहित आधारांवरही काम झालं आहे. ते जळत नाहीत, पण त्यांतून वीज नीट वाहत नाही. थ्रीएम कंपनीनं एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या सुयांवर प्लॅटिनमची सलग साल चढवून कार्बनच काढून टाकला. टिकाऊपणा उत्तम आला. पण थंड आणि ओल्या परिस्थितीत तो थर पाण्यानं भरून जायचा. प्रत्येक उपायाची अशी एक किंमत आहे, आणि ती ज्याच्या वापरात परवडते त्यानं तो उपाय निवडायचा असतो.

आता मोजमापाबद्दल. माझी खरी तळमळ इथे आहे. उत्प्रेरकाचं वय वाढवून पाहण्यासाठी एक कसोटी ठरलेली आहे. व्होल्टेज तीन सेकंद ०.६ वर, तीन सेकंद ०.९५ वर, असं ३०,००० वेळा. हिशेब केला तर पन्नास तास लागतात. जड वाहनांसाठी आता हेच ९०,००० वेळा करायला सांगतात, म्हणजे दीडशे तास, सहा दिवसांहून अधिक. ही कसोटी खऱ्या सेलमध्ये, खऱ्या हवेवर, खऱ्या ओलाव्यात घेतली पाहिजे. फिरत्या चकतीवर एका दुपारी आकडा मिळतो; सेलमध्ये एक नमुना पूर्ण पाहायला आठवडा जातो. त्यासाठी चाचणीचा बाक, वायूंचा अखंड पुरवठा, रात्री जागणारा माणूस आणि वीज न जाण्याची खात्री लागते. विद्यार्थ्याची पीएचडीची मुदत आणि अनुदानाचा अहवाल यांना पहिल्या दिवसाचा आकडा सोयीचा पडतो. म्हणून जगभरच्या नियतकालिकांत पहिल्या दिवसाचे आकडे ठळक आणि तीस हजाराव्या चक्राचे आकडे शेवटच्या आकृतीत, असं चित्र दिसतं. उत्प्रेरकाची ओळख त्याच्या उरलेल्या कामगिरीवरून करून द्यावी, सुरुवातीचा आकडा खाली द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेला केंद्रीय मंत्रिमंडळानं जानेवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली, १९,७४४ कोटी रुपयांची. २०३० पर्यंत वर्षाला पन्नास लाख टन हरित हायड्रोजन तयार करायचं उद्दिष्ट त्यात आहे. हायड्रोजन तयार होईल, पण तो वापरणारा सेल दोन वर्षांत मरगळला तर पैसा कुठे गेला हे कुणाला सांगता येणार नाही. अंबरनाथसारख्या ठिकाणी पाणबुडीसाठी जी दीर्घ चाचणीची सवय लागली, तिचा लाभ बस, ट्रक आणि दूरसंचार मनोऱ्यांसाठीच्या सेलनाही मिळावा. संरक्षणाच्या कामातली सगळी माहिती उघड करता येत नाही, हे मला समजतं. चाचणी कशी घ्यायची याची पद्धत मात्र विद्यापीठांना आणि आपल्या भागातल्या महाविद्यालयांना शिकवता येईल. कल्याण-डोंबिवलीतल्या रसायनशास्त्राच्या एखाद्या विभागानं एक चाचणीचा बाक उभा केला आणि पुण्याहून किंवा अंबरनाथहून आलेल्या नमुन्यांवर सलग तीन-तीन आठवडे चक्रं चालवली, तर त्या आकड्यांना देशभर किंमत येईल. यासाठी नोबेलच्या तोडीची कल्पना लागत नाही. नोंदी प्रामाणिकपणे ठेवाव्या लागतात, मध्येच बिघडलेली चाचणी गाळून टाकायची नाही, आणि संयम धरायचा.

शेवटी प्लॅटिनम परत मिळवण्याबद्दल, कारण टिकाऊपणाचा तोही भाग आहे. जगातल्या खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. आपल्याकडे ते जवळजवळ निघतच नाही. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिंपरीच्या खडकांत प्लॅटिनम गटातल्या धातूंच्या खुणा भूवैज्ञानिकांना सापडल्या आहेत, पण खुणा सापडणं आणि खाण चालणं यांत फार मोठं अंतर असतं. म्हणून जे प्लॅटिनम देशात एकदा आलं ते देशातच फिरत राहिलं पाहिजे. औषध कारखान्यांत हायड्रोजनेशनसाठी वापरलेला पॅलेडियमचा कार्बन परत पाठवून धातू काढून घेण्याची रीत आपल्या भागात जुनी आहे. नवी मुंबईत टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या हिंदुस्तान प्लॅटिनमसारख्या कंपन्या असे उत्प्रेरक बनवतात आणि वापरलेल्या मालातून धातूही काढतात. फ्युएल सेलमधून प्लॅटिनम काढणं मात्र तितकं सरळ नाही. बस-मोटारींतल्या सेलमधला पडदा फ्लोरिनयुक्त असतो. तो भट्टीत जाळला तर हायड्रोजन फ्लोराइड बाहेर पडतं, आणि आपल्या वस्तीजवळ तसली भट्टी कुणी चालवू नये. त्यासाठी पडदा आधी द्रावणात विरघळवून वेगळा करण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. पडद्यात शिरून बसलेलं प्लॅटिनम, ज्याची रेघ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते असं मी मघाशी म्हटलं, तेही त्यात परत मिळतं. सेल बांधतानाच त्याचे थर पुन्हा सोडवता येतील अशा पद्धतीनं बांधले, तर हे काम स्वस्तात होईल. पाणबुडीसाठीच्या फॉस्फोरिक आम्लाच्या सेलमध्ये मधला थर सिलिकॉन कार्बाइड आणि आम्लाचा असल्यामुळे हे काम त्या मानानं सोपं जातं. आम्ल धुऊन काढायचं, इलेक्ट्रोडचा कार्बन जाळायचा आणि राखेतून धातू घ्यायचा. इलेक्ट्रोड जलरोधक करण्यासाठी त्यात टेफ्लॉन असतं, त्यामुळे तिथेही धूर धुऊन घेण्याची यंत्रणा लागतेच. पण ती यंत्रणा काय असते हे या सभागृहातल्या अनेकांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, आणि प्रश्नोत्तरांत त्याबद्दल त्यांच्याकडूनच ऐकायला मला आवडेल.